आर.व्ही.तून डोंगरगाव पाहताना: एस्टेस पार्कच्या सफरीचा हिशेब

आपल्या बऱ्याच घरांतली मुले-मुली आता अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-वडील, चाचा-चाची, खाला त्यांना भेटायला जातात. सुट्टी जवळ आली की मुले म्हणतात, "चला, आर.व्ही. भाड्याने घेऊ आणि डोंगरात जाऊ." मोबाईलवरच्या व्हिडिओत तर सगळे सोपे दिसते. चाकांवरचे घर, खिडकीबाहेर बर्फाचे शिखर आणि हातात चहा. पण सोबत सत्तरी ओलांडलेल्या अम्मी असतात, लहान लेकरू असते, हलाल जेवण आणि वेळेवर नमाज हवी असते. मग प्रश्न सुरू होतात. एवढी मोठी गाडी घाटात चालवायची कशी? उंचीवर म्हाताऱ्या माणसाला त्रास झाला तर? पाणी किती पुरेल?

जुलै महिन्यात आम्ही घरचे सहा जण चार रात्री अशा गाडीतून कोलोराडो राज्यातल्या एस्टेस पार्क या गावी राहून आलो. आम्ही दोघे, अम्मी, डेन्व्हरजवळ राहणारा पुतण्या, त्याची बायको आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. तिथे जे पाहिले, जे विचारून घेतले, ते इथे क्रमाने मांडत आहोत. जाणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि न जाणाऱ्यांना निदान गाव तरी कळेल.

गाव कसे आहे?

एस्टेस पार्क हे रॉकी पर्वतातले छोटेसे गाव. वस्ती जेमतेम सहा हजारांची. डेन्व्हरपासून अंतर सुमारे ११० किलोमीटर. नावात 'पार्क' असले तरी ही बाग नव्हे. डोंगरांनी वेढलेल्या मोकळ्या खोऱ्याला त्या भागात 'पार्क' म्हणतात. १८५९ मध्ये जोएल एस्टेस हा माणूस या खोऱ्यात आला, त्याचे नाव गावाला मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून युट आणि अरापाहो हे तिथले मूळ लोक इथे येत-जात, शिकार करत.

गावाला लागूनच रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे. ते २६ जानेवारी १९१५ रोजी स्थापन झाले. तिथे वर्षाला चाळीस लाखांहून जास्त लोक येतात. सहा हजार वस्तीचे गाव आणि चाळीस लाख पाहुणे, हा हिशेब डोक्यात ठेवला की तिथले नियम का कडक आहेत ते आपोआप समजते.

गावाच्या वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचे मोठे स्टॅन्ले हॉटेल दिसते. त्याची गोष्ट आपल्या पाचगणीशी जुळणारी आहे. फ्रीलन स्टॅन्ले हे वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारे उद्योजक. त्यांना क्षयरोग झाला. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. डॉक्टर कोरड्या, थंड डोंगरी हवेत जा म्हणून सांगत. आपल्याकडे त्याच कारणाने पाचगणीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. स्टॅन्ले १९०३ मध्ये कोलोराडोला आले, त्यांची तब्येत सुधारली आणि १९०९ मध्ये त्यांनी हे हॉटेल सुरू केले. पाहुण्यांना खालून वर आणायला त्यांच्याच वाफेच्या मोठ्या गाड्या होत्या. म्हणजे मोटारीने डोंगर पाहायला येण्याची या गावाची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे.

गावाजवळचा तलावही पाहण्यासारखा आहे. कोयनेचे पूर्वेकडे जाणारे पाणी आपण सह्याद्रीखालच्या बोगद्यांतून पश्चिमेला, चिपळूणकडे सोडतो. इथे नेमके उलटे आहे. रॉकीच्या पश्चिम बाजूचे पाणी सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून डोंगराखालून पूर्वेला आणले आहे. वाटेत वीज तयार होते आणि पुढे ते पाणी शेतीला व शहरांना जाते. लेक एस्टेस हा त्याच योजनेचा भाग. कोकणातल्या मुलांना ही गोष्ट एका वाक्यात कळेल.

आर.व्ही. म्हणजे नक्की काय?

आर.व्ही. म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. काही गाड्या बसएवढ्या, काही साध्या व्हॅनएवढ्या, तर काही मोटारीमागे जोडून ओढायच्या असतात. कुटुंबे बहुधा मधला प्रकार घेतात. पुढे ट्रकसारखी केबिन, तिच्यावर पलंगाची जागा, मागे छोटे स्वयंपाकघर, बसायची बाके, संडास-न्हाणी आणि आणखी एक पलंग. आमची गाडी २८ फुटांची होती. आपल्या एस.टी.पेक्षा लहान, पण गल्लीत वळवायला अवघडच.

या घराला तीन टाक्या असतात, आणि सगळा संसार त्यांच्यावर चालतो. एक चांगल्या पाण्याची. दुसरी भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची. तिसरी संडासाची. चांगल्या पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची असते. जेवढे पाणी वापराल तेवढे दुसऱ्या टाकीत साठत जाते. ती भरली की ठरवून दिलेल्या ठिकाणी, म्हणजे डंप स्टेशनवर, नळी लावून रिकामी करायची. रस्त्याकडेला किंवा नदीत सोडणे हा गुन्हा आहे. हातमोजे घालून करायचे हे काम पुतण्या आणि आम्ही आळीपाळीने केले. घरातल्या बायकांवर ते ढकलू नये, एवढे सांगतो.

मुक्कामाच्या जागा दोन प्रकारच्या. गावात खासगी आर.व्ही. तळ आहेत. तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. नॅशनल पार्कच्या आतही मोरेन पार्क, ग्लेशियर बेसिन, ॲस्पनग्लेन असे तळ आहेत. तिथला निसर्ग सुंदर, पण घरासारखी पूर्ण जोडणी मिळेल असे धरून चालू नये. जनरेटरही ठरलेल्या तासांतच चालवता येतो. सोबत म्हातारे माणूस असेल, रात्री हीटर लागणार असेल, तर गावातला जोडणीचा तळ बरा. आम्ही तेच केले. जुलैतही पहाटे स्वेटर लागतो.

मोठी गाडी उभी करा, मग गाव पाहा

आमच्या मते या सफरीची खरी किल्ली हीच आहे. आर.व्ही. हे राहायचे साधन आहे, भटकायचे नाही. एकदा तळावर लावली, पाणी-वीज जोडली, की तिला घर समजा. रोज सकाळी नळ्या काढा, भांडी बांधा, पडदे लावा, मग पार्किंग शोधत हिंडा, असे केले तर चार दिवस त्यातच जातात.

मग फिरायचे कसे? उन्हाळ्यात गावात मोफत बस फिरते. नॅशनल पार्कच्या आतही बस आहे, ती मोठ्या वाहनतळावरून बेअर लेकपर्यंत नेते. तलावाजवळ पार्किंग कमी, सकाळीच भरते, आणि तिथे आर.व्ही. नेण्यात काही अर्थ नाही. आमच्याकडे आणखी एक सोय होती. पुतण्याच्या बायकोने त्यांची साधी मोटार वेगळी चालवत आणली. दोन घरे मिळून जाणार असाल तर हा उपाय नक्की करा.

गाव पायीच पाहायचे. एल्कहॉर्न अव्हेन्यू हा मुख्य रस्ता. त्याच्या मागून नदीकाठी पायवाट जाते. लेक एस्टेसभोवती सुमारे सहा किलोमीटरची सपाट, पक्की वाट आहे. म्हाताऱ्यांना, बाबागाडीला चालेल अशी. पार्कमधल्या स्प्रेग लेकची फेरी तर जेमतेम पाऊण किलोमीटरची आहे आणि चाकाच्या खुर्चीवरूनही होते. आमच्या सफरीत अम्मींना सगळ्यात जास्त आवडले ते हेच दोन तलाव.

उंचीला हलके घेऊ नका

आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. एस्टेस पार्क गावच २,२९३ मीटरवर आहे. म्हणजे बाजारात भाजी घेतानाच आपण महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर उभे असतो. तिथून निघणारा ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर आहे, हे लक्षात घ्या.

उंचीवर हवेतल्या ऑक्सिजनचे प्रमाण तेच असते, पण हवेचा दाब कमी होतो. ३,७०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश राहतो. म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही पहिली लक्षणे. तरुण, तंदुरुस्त माणसालाही हे होते. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार किंवा रक्तक्षय असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये.

नियम साधे आहेत. विमानातून उतरल्याबरोबर डोंगरात जाऊ नका. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री काढा. मग एस्टेस पार्क. दिवसा उंच जाऊन या, पण झोपायला खाली या. पाणी भरपूर प्या, पहिल्या दिवशी दमू नका. लक्षणे दिसली की पुढे चढायचे नाही. त्रास वाढला, बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच खाली उतरायचे आणि डॉक्टर गाठायचा. अमेरिकेत दवाखान्याचा खर्च फार मोठा असतो. त्यामुळे पाहुण्यांचा आरोग्य विमा काढल्याशिवाय घर सोडू नये.

आमच्या अम्मी ७१ वर्षांच्या. रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटले, पण एक अट घातली: डोके दुखले की तिथूनच परत. तिसऱ्या दिवशी मोटारीने ट्रेल रिज रोडने निघालो. मेनी पार्क्स कर्व्ह या वळणावर, साधारण २,९०० मीटरवर थांबलो. अम्मी गाडीतून उतरल्या नाहीत. "डोकं जड वाटतंय," एवढेच म्हणाल्या. शिखराचा रस्ता तिथून पुढे अर्ध्या-पाऊण तासाचा होता. छोटी रडू लागली. पुतण्याने कोणाला न विचारता गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी अम्मी म्हणाल्या, "तुम्ही सगळे जा, मी तळ्यावर बरी आहे." आमच्यापैकी एक जण त्यांच्याजवळ थांबला, बाकीचे वर गेले. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत नेतो तेव्हा सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली पाहिजे असे नाही. हे आधीच बोलून ठेवले की त्या वेळी कोणाचे मन दुखत नाही.

ट्रेल रिज रोड आणि घाटातली गाडी

हा रस्ता एस्टेस पार्कला डोंगरापलीकडच्या ग्रँड लेक गावाशी जोडतो. लांबी सुमारे ७७ किलोमीटर. त्यातले अठराएक किलोमीटर झाडांच्या रेषेच्या वर आहेत. तिथे झाडच उगवत नाही. फक्त खुरटे गवत, दगड आणि बोटाच्या पेराएवढी फुले. त्या फुलांवर पाय पडला तर झाड पुन्हा यायला वर्षे लागतात. म्हणून पायवाट सोडू नये. वाटेत मिलनर पास येतो. त्याच्या एका बाजूचे पाणी अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूचे पॅसिफिककडे जाणाऱ्या नद्यांना मिळते.

रस्ता वर्षभर उघडा नसतो. साधारण मेअखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बर्फामुळे बंद होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज-वादळे येतात. उघड्या माळावर आपणच सगळ्यात उंच असतो. त्यामुळे सकाळी लवकर जा आणि दुपार व्हायच्या आत खाली या.

आर.व्ही. या रस्त्याने जाऊ शकते, पण कठडे सगळीकडे नाहीत. उतरताना नुसता ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो. खालचा गिअर घालायचा, इंजिनाला गाडी रोखू द्यायची आणि ब्रेक थांबून-थांबून मारायचा. कसारा किंवा खंबाटकी घाटात आपले ट्रकवाले हेच करतात. मागे गाड्यांची रांग लागली तर मोकळी जागा पाहून बाजूला व्हा. शेजारचा ओल्ड फॉल रिव्हर रोड मात्र कच्चा, एकेरी आणि फक्त चढणीचा आहे. २५ फुटांपेक्षा लांब गाडीला आणि मागे जोडलेल्या गाड्यांना तिथे बंदी आहे. मोबाईलचा नकाशा हे सांगेलच असे नाही.

पाणी, चूल आणि नमाज

वर्गात गणित शिकवतो तसा एक हिशेब. सहा माणसे, पाच वेळा वुजू, म्हणजे दिवसाला तीस वुजू. नळ सोडून केला तर एका वुजूला चार-पाच लिटर सहज जातात, म्हणजे एका दिवसात टाकी रिकामी. लोट्याने केला तर एका लिटरमध्ये होतो. तीस लिटरमध्ये दिवस निघतो. पाणी वाया घालवू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. दीडशे लिटरची टाकी ते करून घेते. आम्ही प्लॅस्टिकचा लोटा इथूनच नेला होता.

किबल्याबाबत एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. भारतात आपण पश्चिमेकडे तोंड करतो. कोलोराडोहून मक्का नकाशात पूर्वेला, थोडे दक्षिणेला दिसते, पण किबला येतो ईशान्येला. कारण पृथ्वी गोल आहे. गोलावर दोरा ताणून पाहिला की सर्वांत जवळचा रस्ता उत्तरेकडून वळून जातो हे लगेच दिसते. गाडी तळावर लावतानाच दिशा पाहून ठेवा. आत जागा अरुंद असते. आम्ही बाहेर गवतावर जानमाज अंथरत होतो. कोणी हटकले नाही. शेजारच्या कुटुंबाने तर मुलांचा आवाज कमी केला. कसर नमाजचे नियम हनफी आणि शाफई मसलकांत थोडे वेगळे आहेत. किती दिवस मुक्काम आहे ते सांगून निघण्यापूर्वीच इमाम साहेबांना विचारून घ्या.

हलाल मटण-चिकन डेन्व्हर भागातल्या दुकानांत मिळते. ते तिथूनच घेऊन गाडीच्या फ्रीजरमध्ये ठेवावे. डोंगरात मिळेलच या भरवशावर राहू नये. शेकोटीवर मुले मार्शमॅलो भाजतात. त्यात बहुधा जिलेटिन असते, तेव्हा हलाल खूण असलेलेच घ्या. आणि प्रेशर कुकर विसरू नका. एस्टेस पार्कमध्ये पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर हटत नाही. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून डाळ शिजते. स्वयंपाक करताना खिडकी किंचित उघडी ठेवा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी यंत्रे चालू आहेत ना, हे गाडी ताब्यात घेतानाच तपासा.

जनावरे, नदी आणि आग

एल्क म्हणजे सांबरासारखे, पण बरेच मोठे हरीण. ते गावातल्या रस्त्यावरही येऊन बसते. शिकारीमुळे ते या भागातून संपले होते. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून आणून पुन्हा सोडले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर येतात आणि शिट्टीसारखी आरोळी देतात. ती ऐकायला लोक लांबून येतात. पण पार्कचा नियम एल्कपासून ७५ फूट आणि अस्वल व मूसपासून १२० फूट दूर राहण्याचा आहे. फोटोसाठी मुलाला जवळ उभे करू नका. अस्वलाचे नाक फार तीक्ष्ण असते. मसाल्याचे भांडे, कचऱ्याची पिशवी, काहीही रात्री बाहेर ठेवायचे नाही.

नदीकाठचा तळ सगळ्यांना आवडतो. पण ३१ जुलै १९७६ च्या रात्री गावाच्या खालच्या बिग थॉम्पसन दरीत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि पुरात १४० हून अधिक माणसे गेली. त्यात सुट्टीला आलेले पुष्कळ होते. सप्टेंबर २०१३ मध्येही पुराने गावाला येणारे दोन्ही मुख्य रस्ते मोडले. त्या दरीत पाट्या लावल्या आहेत: पूर आला तर गाडी सोडा आणि वर चढा. गाडीतून पाण्याच्या पुढे पळता येत नाही. गाडी भाड्याची आहे, महागडी आहे, हा विचार त्या क्षणी मनात आणू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये वणव्यामुळे सगळे गाव रिकामे करावे लागले होते. म्हणून शेकोटी पेटवण्यापूर्वी त्या दिवशी बंदी आहे का ते पाहा.

परवाने आणि खर्च

अलीकडच्या वर्षांत मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पार्कमध्ये शिरायला प्रवेशशुल्काशिवाय वेळ ठरवून दिलेला परवानाही लागतो. पार्कमधले तळ सहा महिने आधी आरक्षणाला खुले होतात आणि पटकन भरतात. अमेरिकेबाहेरून आलेल्या १६ वर्षांवरील पाहुण्यांसाठी २०२६ पासून काही मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा शुल्क ठरवले आहे. त्यात हे पार्कही आहे. आई-वडिलांना नेणाऱ्यांनी ही रक्कम आधीच धरावी. नियम बदलतात, त्यामुळे निघायच्या आधी पार्कच्या सरकारी वेबसाइटवर पाहा.

आर.व्ही.चे रोजचे भाडे हा खर्चाचा फक्त एक भाग आहे. ठरलेल्यापेक्षा जास्त मैल चालली तर त्याचे पैसे, विमा, चादरी-भांड्यांचा संच, तळाचे भाडे, परत देताना सफाई, हे सगळे वेगळे. पेट्रोल तर लिटरमागे साडेतीन-चार किलोमीटरच. सगळे मिळवून दोन हॉटेल खोल्या आणि बाहेरच्या जेवणाशी तुलना करा. दोघेच असाल तर हॉटेल स्वस्त पडू शकते. पाच-सहा जण असाल, घरचे जेवण हवे असेल आणि मुक्काम एकाच जागी असेल, तर आर.व्ही. परवडते.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. उद्या महाबळेश्वर-पाचगणीला कोणी अशा गाडीतून निघाले, तर घाटातला गिअर, टाकीचे पाणी, सांडपाण्याची शिस्त आणि नदीपासून राखलेले अंतर, हे सगळे तिथेही लागू आहे. आणि गाडीत घरातले कोणी वयस्क असेल, तर किती वर जायचे हे त्यांच्या श्वासावर ठरवा.